भिंगाशिवायचा दिवा

बाबा, परवा धरमपेठेत एका दुकानाच्या काचेआड आपला दिवा दिसला. आपलाच असेल असं नाही, पण तसाच काळ्या पत्र्याचा डबा, वर वाकडं धुराडं, समोर पितळेची जाड नळी. दुकानदारानं आत विजेचा पिवळा बल्ब लावून ठेवला होता आणि शेजारी एक वेताची खुर्ची मांडली होती, शोभेची. मी आत गेले. दुकानातली मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, "आजी, हा जुना कंदील आहे, जहाजावरचा." मी नुसतं "हो का" म्हटलं. खरं म्हणजे सांगायला हवं होतं, की हा कंदील नाही. याच्यातून नदी, विहीर आणि आजारी लेकरू धोतराएवढ्या पडद्यावर उभं राहत असे. पण सांगायला लागले असते तर थांबता आलं नसतं, आणि तिला दुकान बंद करायचं होतं. मी घरी आले, चहा केला, तो तसाच गार होऊ दिला आणि लिहायला बसले.

तुम्ही सरकारी आरोग्य खात्यात लँटर्नवाले होता. आता हे कुणाला सांगितलं तर समजत नाही, म्हणून मीही सांगायचं सोडलं. गावोगाव जायचं, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीला पांढरं धोतर बांधायचं, ते पाण्यानं ओलं करायचं म्हणजे चित्र उजळ दिसतं, आणि दिवस मावळला की डब्यातला कार्बाइडचा दिवा पेटवून एकेक रंगीत काच सरकवत पटकीची, देवीची, हिवतापाची गोष्ट सांगायची. कार्बाइडचा तो लसणासारखा वास तुमच्या टोपीला कायम असायचा. इतर मुलींचे वडील घरी आले की साबणाचा किंवा तंबाखूचा वास येई, माझे वडील आले की वाटे, कुणीतरी फोडणी दिली.

काचा रंगवायचं काम आपण दोघं स्वयंपाकघरात करायचो, कारण तिथल्या खिडकीत उजेड चांगला असे. खात्याकडून येणाऱ्या काचा काळ्या-पांढऱ्या असायच्या. रंग भरायची सक्ती नव्हती, पण तुम्ही उमरेडच्या विणकराचा मुलगा, लुगड्याच्या काठात रंग कसा बसतो ते बघत वाढलेले. बिनरंगाचं चित्र तुमच्या डोळ्यांना बघवत नसे. मी अजून बघते आहे. तुम्ही काच उजेडाला धरली आहे, एक डोळा मिटला आहे, आणि मी श्वास रोखून नदीत निळा रंग सोडते आहे, अगदी पातळ, पाण्यात पाणी सोडावं तसा. आई चुलीपाशी. तिच्या वाट्या आपण पळवलेल्या.

"ह्या वाटीत लाल रंग, त्या वाटीत तिखट," ती म्हणते. "एक दिवस भाजीत रंगच पडन, अन् मग बसा दोघं बापलेक चित्र खात."

"पडला तं पडला," तुम्ही म्हणता. "भाजी पडद्यावर चांगली दिसन."

काच डब्यात उलटी घालायची असते, म्हणजे पडद्यावर चित्र सुलटं पडतं, हे तुम्ही मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलं. माझ्या मनात ते फार खोल गेलं. कित्येक दिवस मला वाटायचं, आपणही सगळे आत कुठेतरी उलटे आहोत आणि समोरच्या पितळेच्या नळीतल्या त्या जाड भिंगानं आपल्याला सरळ करून बाहेर उभं केलं आहे.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर नेलं. तेरा वर्षांची होते मी. खाप्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलबंडीनं, कन्हानच्या काठाकाठानं. बंडीच्या चाकाखाली रेती करकरत होती, नदी आटून मधोमध एक बारीक धार उरली होती आणि पलीकडच्या काठावर खरबुजांच्या वाड्या दिसत होत्या. मी काचांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. एका दगडावर चाक चढलं, बंडी कलली, पेटीतून बारीक आवाज आला. मी तुम्हाला सांगितलं नाही. संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा कळलं, शेवटची काच फुटली होती.

ती गोष्ट बारा काचांची होती. एक लेकरू नदीचं पाणी पितं, आजारी पडतं, मग आई पाणी उकळते, डॉक्टर सुई टोचतो, आणि बाराव्या काचेत ते लेकरू अंगणात खेळतं. त्या दिवशी अकराव्या काचेवर, लेकरू खाटेवर निजलेलं असताना, तुम्ही हात जोडून म्हणालात, "आता हे लेकरू बरं होते. मंडळी, पाणी उकळून प्या. रामराम." आणि कुणी उठेना. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "लेकराले तसंच निजवून चालला काय गा, मास्तर?"

"आजी, पुढची काच फुटली. ते बरं होते, मी सांगून राहिलो ना."

"सांगनं काय कामाचं? दाखव."

"काच नाही आजी."

"मंग दिवा विजवू नोको," ती म्हणाली. "अंधारात काहून सोडतो त्याले?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीला म्हणालात, "उद्या दाखवतो. माही पोरगी काढून देईन." आपण त्या गावी एक दिवस जास्त राहिलो. सकाळपासून मी पाटलाच्या ओसरीवर कोऱ्या काचेपुढे बसले, आणि ती म्हातारी माझ्या शेजारी. तिनं मला जराही सोडलं नाही. "त्याच्या कमरेले करदोडा दे. पाय भुईवर ठेव त्याचे, खाट दाखवू नोको. हातात काहीतरी दे खायले." मी भाकरीचा तुकडा दिला. ती म्हणाली, "गूळ बी दे." मी गुळाचा एक तपकिरी ठिपका दिला. त्या संध्याकाळी तुम्ही बारावी काच सरकवली, खट्ट आवाज झाला आणि माझं लेकरू, जरा मोठ्या डोक्याचं, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब, ओल्या धोतरावर भाकरी खात उभं राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या गर्दीतून एक लांब श्वास सुटला. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "हं," म्हणाली, "आता विजव."

बाबा, त्या क्षणी मी ठरवलं की जग इथेच थांबायला पाहिजे. याच्यापुढे काही नको.

म्हणून ती गाडी मला शत्रूसारखी वाटली. पुढच्याच वर्षी खात्यात सिनेमाची गाडी येणार असं ठरलं. स्वतःचं इंजिन, स्वतःची वीज, बोलणारी, हलणारी चित्रं, वर भोंगा. एका दिवसात तीन गावं. चालवायला ड्रायव्हर आणि मशीन सांभाळायला तुम्ही. त्यासाठी महिनाभर मुंबईला शिकायला जायचं होतं. तुम्ही जन्मभर धोतर नेसलेले, पण मशीनच्या पट्ट्यात सोगा अडकेल म्हणून सीताबर्डीवरून खाकी पँट शिवून आणलीत. ती घालून तुम्ही ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघत होता, पाय लांब टाकत, बगळ्यासारखे. आई तोंडाला पदर लावून हसत होती. तुम्हीही हसत होता. मी हसले नाही.

मला त्या दिवसांत सतत वाटे, पंगत उठल्यावर आपण आलो. तुम्ही लहानपणची एक गोष्ट सांगायचा. उमरेडला तुमच्या मागाच्या घरामागच्या पटांगणात एक फिरता माणूस असाच दिवा घेऊन आला होता आणि त्यानं समुद्र दाखवला होता. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. खेळ संपल्यावर सगळे विणकर उठून पडद्यापाशी गेले, कापडाला हात लावून बघितला, आणि कापड खरंच ओलं होतं. त्या रात्री सगळी आळी समुद्राला हात लावून आल्यासारखी झोपली, असं तुम्ही म्हणायचा. मी ती गोष्ट किती वेळा ऐकली असेन. झोपताना मी त्या पटांगणात जायची. मला त्या माणसांमध्ये बसायचं होतं, ज्यांनी त्याआधी काहीच पाहिलेलं नव्हतं. माझ्या वाट्याला आलेला काळ मला उरलासुरला वाटे. रेडिओ आला होता, रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या, शाळेत सगळ्याजणी सिनेमातली गाणी म्हणायच्या, आणि मला मात्र एक काळा पत्र्याचा डबा पुरत होता.

एका दुपारी काच रंगवताना मी तुम्हाला ते बोलून दाखवलं. "बाबा, मी तुमच्या त्या वेळी जन्मली पाहिजे होती. दिवा नवा होता तेव्हा."

तुम्ही कुंचला वाटीवर आडवा ठेवला. तुम्ही कधी रागावत नव्हता, म्हणून मला कळायला वेळ लागला की हा राग आहे.

"समुद्र पाहायले मी एकटा गेलो नव्हतो," तुम्ही म्हणालात. "माही बहीण होती सोबत. माह्याहून पाच वर्षांनी मोठी. तिनंच मले खांद्यावर घेतलं होतं, दिसत नव्हतं म्हणून. कापडाले पहिला हात तिनं लावला."

मी आत्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

"त्याच उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरून राहिली होती, अन् दिवस मावळायच्या आत गेली. घरात कोनाले माहीत नव्हतं पाणी उकळायचं. कोनी सांगतलंच नव्हतं. त्या दिवेवाल्यानं समुद्र दाखवला, हत्ती दाखवला, राणीचा महाल दाखवला. विहीर नाही दाखवली." तुम्ही काच उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तुले तो काळ पाहिजे? तू त्या वेळी असती तं कांड्या भरत असती. शाळा नसती, हा कुंचला नसता. कदाचित तू बी नसती. मले ती गाडी काहून पाहिजे, तुले समजून नाही राहिलं वं. हा दिवा एका दिवसात एक गाव करते. माह्यापाशी किती दिवस हायेत?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. मी उठून मागच्या दारी गेले. मला लाज वाटली असं आता मला लिहावंसं वाटतं, पण तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की तुम्ही माझ्याकडून ते पटांगण काढून घेतलं.

आठवड्याभरानं दिवा ऑफिसात जमा करायचा होता. आदल्या दिवशी तुम्ही तो उघडून कापडानं पुसला, धुराड्यातली काजळी काढली, नळी चिंचेनं घासून लखलखीत केली. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी नळी फिरवून भिंग काढलं आणि झाकण परत लावलं. मी दिवा चोरत नव्हते, बाबा. माझा हिशेब असा होता की भिंग नसलेला दिवा ऑफिस घेणार नाही. म्हणतील, घेऊन जा परत. मग तो आपल्या स्वयंपाकघरात राहील, आणि तुम्ही गाडीवर गेलात तरी तो आणि मी घरी असू. भिंग मी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ढकललं आणि शाळेत गेले.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात. दिवा बरोबर नव्हता. तुम्ही टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायलात आणि आईला म्हणालात, "भिंग फुटलं माह्या हातून. स्टोअरवाला म्हणे, बिना लेन्स का डब्बा क्या अचार डालने को लाये हो." तुम्ही त्याची नक्कल करून हसलात. मी पुस्तकात डोकं घातलं. साहेब फार ओरडला नाही, असंही तुम्ही सांगितलं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, जो माणूस एक भिंग सांभाळू शकत नाही, त्याच्या हाती सरकारची नवी गाडी कशी द्यायची? बोलणं संपलेलं नाही, उद्या पुन्हा बोलावलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. भिंग रुमालात गुंडाळून दप्तरात घातलं आणि चालत तुमच्या ऑफिसात आले. हे तुम्हाला ठाऊक नाही. मी व्हरांड्याच्या टोकाशी, खांबाआड उभी होते. तुम्ही साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसला होता. ती खाकी पँट घातली होती. टोपी मांडीवर. तुमच्या बाजूनं शिपाई येत-जात होते आणि प्रत्येक वेळी तुम्ही थोडे उठायचा, आपल्याला बोलावलं असं समजून. दहा पावलं होती फार तर. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग मी वळले आणि घरी आले, आणि भिंग परत डाळीत घातलं.

गाडी दुसऱ्याला मिळाली. तुम्हाला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पुढची सगळी वर्षं, शहराचं राजधानीपण गेलं, अर्धं ऑफिस रिकामं झालं, साहेब बदलले, तरी तुम्ही त्याच टेबलावर पाकिटांवर शिक्के मारत राहिलात. टोपीचा तो वास गेला. खाकी पँटची आईनं पिशवी शिवली, आणि तुम्ही तीच घेऊन भाजी आणायला जायचा. मला तुम्ही कॉलेजात घातलं. माझं लग्न झालं. तुम्ही गेलात तेव्हा मी धंतोलीच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी होते आणि दोन दिवस माझ्या जिभेवर, भिंग मीच काढलं होतं, हे वाक्य होतं. तुम्ही बर्फ मागत होता. मी बर्फ देत राहिले.

तुमच्यानंतर तीनेक वर्षांनी आईनं एका जुन्या चिंधीत गुंडाळलेलं ते भिंग माझ्या हातात ठेवलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्यायले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. मले वरनाले डाळ काढताना सापडलं. रात्री तू निजल्यावर म्या त्यायले दाखवलं. म्हटलं, उद्या नेऊन द्या, घरी राहिलं म्हना. तं म्हणे, ठेव तिथंच. नळी रिकामी दिसली तेव्हाच मले समजलं. सायबाले फुटलं म्हणून लिहून देऊन आलो. आता नेलं तं इचारतीन कोनं काढलं, अन् पोरगी खोटं बोलनार नाही, सांगून टाकन. म्या म्हटलं, तुमची गाडी जाईन. तं म्हणे, जाऊ दे. तिले काही बोलू नोको. मी तिले लय लागन असं बोललो होतो."

ते भिंग माझ्या मुलांनी खेळायला घेतलं. उन्हात धरून कागद जाळायचे. एका सुट्टीत ते हरवलं. मी फारसं शोधलं नाही.

हे तुम्हाला मिळणार नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. मिळणार असतं तर मी पुन्हा खांबाआड उभी राहिले असते. मोठं काय ते तुम्हाला आधीच माहीत होतं. पण एक लहानसं तुम्हाला माहीत नाही, आणि तेच मी इतका वेळ टाळते आहे.

तुमचं टेबल बदलल्यावर दोनेक महिन्यांनी त्या गाडीचा खेळ आपल्याकडच्या मैदानावर झाला. तुम्ही मला मुद्दाम घेऊन गेलात. तुम्ही पडद्यासमोर बसला नाहीत, मशीनपाशी उभे राहिलात, हात मागे बांधून. नवा मशीनवाला तरुण होता. तुम्ही त्याला काही विचारलंत, त्यानं आदरानं सांगितलं, तुम्ही मान हलवलीत. पडद्यावर एक बाई विहिरीतून पाणी काढत होती. रहाटाचं चाक फिरत होतं, दोर ओला होत वर येत होता, आणि तिच्यामागे एक मुलगी वाऱ्यात उभी होती, तिची वेणी उडत होती. परत येताना तुम्ही सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालत होता. तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं वं?" किती उत्सुकतेनं विचारलंत, जसं काही ती गाडी तुमचीच होती.

मी म्हटलं, "डोळे दुखले. आपलाच दिवा बरा होता."

"हो," तुम्ही म्हणालात. "सुरुवातीले दुखतात."

बाबा, माझे डोळे दुखले नव्हते. ती वेणी उडाली तेव्हा मी तुम्हालाही विसरले होते. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या मैदानावर होती. मैत्रिणीकडे जाते असं आईला सांगून मी एकटी तिथे गेले होते. अगदी पुढच्या रांगेत बसले होते.